अंगाला हात लावून

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली एक दुपार माझ्या मनातून जात नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर माझे वडील एकटे राहतात. मी रोज संध्याकाळी कोथरूडहून त्यांच्याकडे जाते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर काम होते म्हणून तीन वाजताच गेले. दार उघडले तर खिडक्या बंद, पंखा बंद, आणि अण्णा लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून खुर्चीत बसलेले. "अण्णा, पंखा का नाही लावलात?" असे मी विचारले, तेव्हा बऱ्याच वेळाने "वारं झोंबतं" एवढेच उत्तर आले, आणि ते देताना त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. आत्याला जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तव्यासारखे तापलेले होते आणि अगदी कोरडे होते. बाहेर पारा ४० अंशांवर, डोक्यावर दिवसभर उन्हात भाजलेली गच्ची, आणि त्यांच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

मला वाटले, ताप आहे. ओळखीच्या एका दवाखान्यात फोन केला, तर तिथूनही तापाची गोळी द्या आणि संध्याकाळी आणा, असेच सांगण्यात आले. गोळी हातात घेतली होती. पण त्यांची बोलण्यातली असंबद्धता पाहून मी थांबले, शेजारच्यांना हाक मारली आणि त्यांना सरळ रुग्णालयात नेले. तिथे त्यांच्या अंगावर ओली चादर टाकून दोन्ही बाजूंनी पंखे लावले, मानेशी, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. दीड तासाने त्यांनी डोळे उघडून मला माझ्या नावाने हाक मारली. उष्माघात होता. तापाच्या गोळीने काहीच साधले नसते, हे तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला नंतर शांतपणे समजावून सांगितले, आणि तेव्हापासून या विषयाने माझ्या मनात घर केले आहे.

ताप आणि उष्माघात यांतला फरक आपल्या भाषेत एका परीने नोंदलेला आहे. "थंडी वाजून ताप आला" असे आपण सहज म्हणतो. पण अंग तापत असताना थंडी का वाजावी, याचा विचार मी कधी केला नव्हता. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो, आणि शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्याचे काम त्याच्याकडे असते. जंतुसंसर्ग झाला की रक्तात काही द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमस आपली ठरलेली पातळीच वर सरकवतो, समजा ३९ वर. आता ३७ अंशांचे शरीर त्याच्या लेखी गारठलेले ठरते. म्हणून तो हुडहुडी भरवतो, गोधड्या मागवतो आणि अंग ३९ पर्यंत तापवून घेतो. पॅरासिटामॉल ही वर सरकलेली पातळी खाली आणते. उष्माघातात मात्र पातळी जागच्या जागीच असते. शरीराला गार व्हायचे असते, त्यासाठी ते जिवाचे रान करते, आणि तरीही उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून ते हरते. तिथे गोळीने खाली आणावे असे काहीच नसते. शरीरच बाहेरून गार करावे लागते, आणि तेही लगेच, कारण ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस बरळू लागला की प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

शरीराला उष्णता बाहेर टाकावी लागते ती केवळ उन्हामुळे नव्हे. नुसते स्वस्थ बसलेले माणसाचे शरीरही ८० ते १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करत असते, आणि ती बाहेर जाण्याचे सगळे मार्ग बंद झाले तर तासाला सुमारे एक अंश या गतीने अंग आतूनच तापत जाईल. कष्टाचे काम करताना तर स्नायू वापरतात त्या ऊर्जेतला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी येतो आणि उरलेली सगळी उष्णता होते. ही उष्णता रक्त त्वचेपर्यंत वाहून आणते. एरवी त्वचेतून मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त फिरते. कडक उष्म्यात ते प्रमाण सहा-सात लिटरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा लाल होतो आणि नाडी जलद चालते. एवढे रक्त त्वचेकडे वळवायचे आणि त्याच वेळी मेंदूला, मूत्रपिंडांना, स्नायूंना कमी पडू द्यायचे नाही, ही सगळी ओढाताण हृदयाला करावी लागते. उन्हाळ्याच्या लाटेत जी माणसे जातात, त्यांतली पुष्कळशी हृदय थकल्यामुळे जातात, आणि त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत उन्हाचे नाव येतेच असे नाही. ही गोष्ट मला फार बोचते.

त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा याहून थंड असेल तोवर उष्णता आपली आपण बाहेर जाते. हवा त्याहून तापली की ओघ उलटा फिरतो. भोवतालची हवाच अंगाला तापवू लागते आणि शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. इथे मला अण्णांच्या स्वयंपाकघरातल्या माठाबद्दल लिहिलेच पाहिजे. कसबा पेठेत कुंभार वेशीजवळून आणलेला तो माठ दर फाल्गुनात बदलला जातो. नवा माठ दोन दिवस पाण्याने भरून पाझरू द्यायचा, मग तिवईवर ठेवायचा आणि खाली पसरट ताटली. एप्रिलच्या दुपारी त्याच्या पोटावरून बोट फिरवले तर बोटाला एक अगदी पातळ, थंडगार ओल लागते आणि बोट पुढे सरकेपर्यंत मागची रेघ सुकत आलेली असते. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येते, त्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून काढून घेतली जाते. आपली त्वचाही हेच करते. तिच्यात वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. अट एकच असते, ती म्हणजे घाम सुकला पाहिजे. टपकून जमिनीवर पडलेला किंवा रुमालाने टिपून घेतलेला घाम शरीरातले पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र जवळजवळ तशीच मागे ठेवतो.

१७७५ साली चार्ल्स ब्लॅगडेन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एका तापवलेल्या खोलीचा वृत्तान्त मांडला होता. उकळत्या पाण्याहूनही जास्त, सुमारे १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या हवेच्या त्या खोलीत ते स्वतः आणि त्यांचे सहकारी काही मिनिटे थांबले आणि धडधाकट बाहेर आले. तिथेच ठेवलेली अंडी आणि मांसाचा तुकडा मात्र शिजून निघाला. मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा पाण्याचा प्रयोग. त्याच खोलीत उघडे ठेवलेले पाणी उकळत नव्हते, कारण त्याची सारखी वाफ होत होती; पाण्यावर थोडे तेल सोडून ती वाफ अडवली, तेव्हा पाणी उकळू लागले.

दमट हवा आपल्या अंगावर नेमका हा तेलाचा थर पसरते. पुण्यातली एप्रिलची दुपार बहुधा कोरडी असते. म्हणून इथले ३९ अंश सावलीत बसून सोसवतात आणि मुंबईचे ३४ अंश जीव नकोसा करतात. हवेत बाष्प इतके वाढले की ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पाराही ३५ अंशांखाली उतरेना, तर तत्त्वतः निरोगी, सावलीत बसलेला, भरपूर पाणी पिणारा माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही. आणि प्रत्यक्षात माणसे त्याच्या कितीतरी आधी कोसळतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात चाललेल्या समारंभाला आलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. पारा तेव्हा ३८ अंशांच्या आसपास होता. आकडा ऐकून पुण्यातल्या कित्येकांना वाटले असेल की ३८ म्हणजे काही फार नाही. खाडीलगतच्या दमट हवेत, डोक्यावर छत नसताना, तासन् तास बसून राहणाऱ्या वयस्क माणसासाठी ते फार होते.

"सवय होते हो ताई," असे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणतात, आणि त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. रोज तास-दोन तास उष्म्यात काम केले तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलते. रक्तातला द्रवाचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त सुटतो, आणि त्या घामात मीठ कमी असते, कारण घर्मग्रंथी ते परत शोषून घ्यायला शिकलेल्या असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत नव्या मजुरांना आधी असे सरावून घेतले जात असे. अंगवळणी पडणे हा शब्द इथे अगदी शब्दशः खरा आहे. म्हणूनच मेच्या अखेरीपेक्षा मार्च-एप्रिलमधली पहिली लाट अधिक घातक ठरते, आणि गावाहून येऊन पहिल्याच दिवशी स्लॅबच्या कामावर उभा राहिलेला तरुण त्याच्याहून वयाने मोठ्या पण सरावलेल्या गवंड्याआधी चक्कर येऊन पडतो. अंगाला लागलेली ही सवय काही आठवड्यांच्या विसाव्यात विरूनही जाते, आणि तिला एक मर्यादाही असते. मावशी पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतात. "दिवसाचं काही नाही, रात्रीचं सांगा. बारा वाजेस्तोवर पत्रा तापलेलाच असतो. पोरं पाणी मारतात वरून, ते लगेच सुकतं," असे त्या सांगतात. दिवसभर झटलेल्या हृदयाला रात्री उतार मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते कालचा थकवा घेऊनच कामाला लागते. पुण्याची उन्हाळ्यातली संध्याकाळ गार असते, असे अभिमानाने सांगणारी पिढी माझ्या घरात आहे. ती गार संध्याकाळ म्हणजे केवळ सुख नव्हते. ती शरीराची विश्रांती होती, आणि सिमेंटच्या भिंती रात्रभर उष्णता ओकत राहतात तेव्हा ती विश्रांती सर्वांत आधी पत्र्याखालच्या माणसाची हिरावली जाते.

पुण्याच्या नोंदींत सर्वाधिक तापमान ४३.३ अंश आहे, १८९७ च्या एप्रिलमधले. आणि सर्वांत कमी १.७ अंश, १९३५ च्या जानेवारीतले. एवढ्या फरकात माणसाच्या आतले तापमान एका अंशानेही हलू नये, अशी शरीराची धडपड असते. थंडीत तो सगळा खटाटोप उलट्या दिशेने चालतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ओढले जाते. हातपाय गार पडतात ते छाती आणि पोट ऊबदार राहावे म्हणून. आत गोळा झालेले हे जादा रक्त मूत्रपिंडांना जास्त पाणी वाटते, म्हणून थंडीत लघवीला वारंवार जावे लागते. अंगावर काटा येतो तो केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक स्नायूंमुळे. अंगभर दाट केस असलेल्या आपल्या पूर्वजांना त्यातून हवेचा ऊबदार थर मिळत असेल, आपल्याला नुसता शहारा उरला आहे. एवढ्याने भागले नाही की कुडकुडणे सुरू होते, म्हणजे स्नायू काही काम न करता केवळ उष्णतेसाठी थरथरत राहतात.

डिसेंबरातल्या एका पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मी एका बाईंना मेथीच्या जुड्या हौदातल्या पाण्यात बुडवून काढताना पाहिले. मी पाण्यात बोटे घातली तर मिनिटभरात ती पांढरी पडून दुखू लागली. त्यांची बोटे लालबुंद होती आणि त्या बोलत बोलत काम करत होत्या. "आधी बधिर होतात, मग आपोआप ऊब येती," असे त्या म्हणाल्या. गार पाण्यात बुडवलेल्या बोटांतल्या वाहिन्या आधी मिटतात, पाच-दहा मिनिटांनी थोड्या वेळासाठी उघडतात, पुन्हा मिटतात, आणि हा फेर चालू राहतो. म्हणजे आतली ऊबही राखली जाते आणि बोटेही मरत नाहीत. थॉमस लुइस यांनी १९३० मध्ये ही क्रिया नोंदवली, आणि थंड पाण्यात रोज हात घालणाऱ्या मासेमारांत ती अधिक ठळक असते हेही पुढे दिसून आले. मेथी धुणाऱ्या त्या बाईंना ती अनुभवाने ठाऊक होती.

त्याच हिवाळ्यात माझ्या भाचीला मुलगी झाली. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठी, त्यामुळे ते भराभर गारठते. पण त्याच्या खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मानेभोवती एक तपकिरी चरबी असते, जिचे काम साठवण्याचे नसून जळून ऊब देण्याचे असते. मोठेपणी ती नाहीशी होते असे पुष्कळ काळ मानले जात होते. २००९ मध्ये प्रौढांतही ती थोडी उरलेली आणि थंडीत कामाला लागणारी असल्याचे स्पष्ट झाले. तरीही बाळाची खरी भिस्त दुसऱ्याच्या अंगावर असते. परिचारिकेने टोपडे घालून बाळ भाचीच्या उघड्या छातीवर ठेवले आणि वरून दुलई पांघरली. बोगोटा शहरात १९७८ मध्ये इन्क्युबेटर अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू केलेली हीच पद्धत पुढे जगभर गेली. आमच्या आजीच्या काळी बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असे आणि बाळ आईच्या कुशीतून हलत नसे. त्या खोलीतला धूर मला पटत नाही, कुशीचे शहाणपण मात्र पूर्ण पटते.

बाळाला थंडी वाजते हे त्याला सांगता येत नाही. अण्णांची अडचण याहून निराळी होती, आणि ती समजायला मला वेळ लागला. उष्ण आणि थंड यांची जाणीव त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असलेल्या विशिष्ट प्रथिनांतून सुरू होते. ४३ अंशांच्या वर जे प्रथिन "भाजते आहे" असा निरोप धाडते, तेच मिरचीतल्या द्रव्यानेही जागे होते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये दाखवले. पुढे पुदिन्याच्या अर्काने जागे होणारे थंडीचे प्रथिनही सापडले, आणि २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले. ठेच्याने तोंड भाजते आणि कपाळावर घाम फुटतो, तो या फसलेल्या निरोपामुळे. निरोप खोटा असला तरी शरीर त्यावर कृती करते. आणि निरोप आलाच नाही तर खऱ्या संकटातही ते गप्प राहते. वय वाढते तशी उष्म्याची जाणीव मंदावते, तहान लागेनाशी होते, घर्मग्रंथी कमी पाझरतात आणि त्वचेतल्या वाहिन्या पुरेशा उघडत नाहीत. त्यात अण्णांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ती पुढे डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरती बदलून दिली. ते त्या दिवशी हट्टाने स्वेटर घालून बसले नव्हते. त्यांना खरोखरच वारे झोंबत होते. आपल्याकडे सोसण्याचे मोठे कौतुक असते आणि अण्णांनी आयुष्यभर पुष्कळ सोसलेही आहे. पण सोसायला आधी त्रास जाणवावा लागतो, आणि त्यांना तो जाणवलाच नव्हता. त्यांच्या अंगाने जे सांगणे सोडून दिले आहे, ते दुसऱ्या कुणाच्या हाताने ओळखावे लागणार, हे मी त्या दिवसापासून धरून चालले आहे.

म्हणून मार्चपासून मी संध्याकाळऐवजी दुपारी तीनला जाते. खिडक्यांना ओले वाळ्याचे पडदे असतात, पंखा चालू असतो. हवा फारच तापलेली असेल तर आधी ओल्या पंचाने त्यांचे हात आणि मान पुसते, कारण कोरड्या अंगावर तापलेल्या हवेचा पंखा उलट अंग तापवतो. मग तळहाताची मागची बाजू त्यांच्या मानेला लावून पाहते आणि ताक, पन्हे, नाहीतर नुसते पाणी त्यांच्या हातात देते. "मला तहान नाही," असे ते रोज म्हणतात. "अण्णा, तहान नसली तरी घ्या," असे मी रोज म्हणते, आणि ते सावकाश पेला रिकामा करतात.

गेल्या मेच्या शेवटच्या आठवड्यात असेच पाणी काढायला मी माठाकडे वळले, तर ते माझ्या मागोमाग आले. त्यांनी माठाच्या पोटावर तळवा टेकवला आणि तसाच काही क्षण ठेवला. माती ओली होती, पण ती ओल सुकत नव्हती. पाझरलेले पाणी थेंब धरून खालच्या ताटलीत उतरत होते. "आज माठ गार नाही," ते म्हणाले. "हवा भरून आली आहे. वळीव पडेल." मी पंचा भिजवायला घेतला, पंखा वाढवला आणि त्यांना खिडकीपाशी बसवले.